यद्दाची वेल आणि आमची कात्री

दुबईला आम्ही हौसेनं गेलो असं गावात सगळ्यांना सांगितलंय, पण खरं कारण वेगळं आहे. आमच्या मुलानं, निखिलनं, आम्हाला चक्क पिटाळलं. जानेवारीत आमच्या दिंडोरीकडे द्राक्षाचा हंगाम तोंडावर आलेला असतो, माणूस बागेतून हलत नाही. पण आमची वायनरी आता निखिल बघतो आणि आमचे हे, ज्यांना सगळं जग अण्णा म्हणतं, रोज सकाळी टाक्यांपाशी जाऊन त्याच्या कामात नाक खुपसतात. साखर मोजायच्या यंत्रावर निखिलला एक आकडा दिसतो, हे मणी तोंडात टाकून दुसराच सांगतात. शेवटी त्यानं तिकिटं काढली आणि म्हणाला, तीन आठवडे ताईकडे जाऊन या, तिला तुमची फार आठवण येतेय. मृणालला फोन करून विचारलं तर ती म्हणाली, "हो का? येत असेल."

वायनरी म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. सासऱ्यांच्या काळात आजूबाजूच्या सगळ्यांनी जुन्या बागा उपटून बिनबियांची द्राक्षं लावली, तेव्हा सासरे हट्टानं अर्धा एकर भोकरी ठेवून बसले. भोकरी म्हणजे आपल्याकडचं जुनं द्राक्ष, बियांचं आणि जाड सालीचं, बाजारात कुणी हुंगत नाही असं. मग ह्यांनी तिची वाइन करायला घेतली आणि लोक घरी विचारत यायला लागले. आता निखिल तेच करतो. त्या वेलींच्या काड्या घरातल्या घरात तीन पिढ्या लावत आलोय आम्ही. त्यामुळे आमच्या ह्यांचा ठाम समज असा की जगातल्या कुठल्याही वेलीचं दुखणं आपल्याला बघितल्याबरोबर कळतं.

मरीनातली वेल

आमची मुलगी मृणाल दुबईतल्या ऊद मेथा भागात राहते. खाली उतरलं की भारतीय शाळा, पोळीभाजीचे डबे आणि सगळ्यांची मिळून एक हिंदी. मला तिथं परदेशात आल्यासारखं फारसं वाटलंच नाही. नात अन्वी आठ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर मात्र इंग्रजीत मिळतं.

जावयांनी, केदाररावांनी, पहिल्याच शनिवारी आम्हाला दुबई मरीनाला नेलं. मान मोडेल एवढे उंच टॉवर, खाली पाणी, पाण्यात पांढऱ्या बोटी. ह्यांनी वर बघितलंसुद्धा नाही, कारण एका हॉटेलच्या मांडवावर ह्यांना द्राक्षाची वेल दिसली. घड लोंबत होते. जानेवारीत इतके भरलेले घड, पानावर भुरी, डाऊनी असला कुठलाच रोग नाही, हे बघून ह्यांचा जीव राहीना. बघता बघता हे चपला काढून खुर्चीवर चढले आणि एक पान उलटून बघितलं. तेवढ्यात चिपळूणचा एक वेटर धावत आला आणि मराठीत म्हणाला, "काका, उतरा. प्लास्टिकची आहे ती, आणि मॅनेजर बघतोय."

हे उतरले, चपला घातल्या आणि तडक गाडीकडे चालायला लागले. अन्वी मात्र गाडीत हसून हसून लोळली.

'तो' शब्द

मृणालच्या ऑफिसात मरियम नावाची मुलगी आहे, तिथलीच, अमिराती. मसाफीच्या पलीकडे डोंगरात तिच्या वडिलांची शेतवाडी आहे. तिथं तिच्या पणजीच्याही आधीपासून एक द्राक्षाची वेल आहे आणि तीन वर्षं झाली तिला एक घड लागलेला नाही. आपले वडील द्राक्षवाले आहेत असं मृणाल बोलून गेली होती. मरियमनं लगेच आग्रहाचं बोलावणं धाडलं, दोन दिवस राहायलाच या म्हणून.

हे बोलावणं आल्यापासून ह्यांच्या अंगात वारं शिरलं. बॅगेच्या तळातून छाटणीची कात्री निघाली. पासपोर्ट मी आठवण केल्यावर घेतला होता, कात्री न सांगता आली होती. कात्रीच्या शेजारी आमच्या भोकरीची एक बाटलीही होती, मोज्यात गुंडाळलेली.

"ही त्यांच्यासाठी," हे म्हणाले. "द्राक्षवाल्याच्या घरी काय मोकळ्या हातानं जायचं?"

मृणालनं कपाळाला हात लावला. बाटली तिनं कपाटात कुलूप लावून ठेवली आणि आम्हा सगळ्यांना समोर बसवून शिकवणी घेतली. पापभिरू, नमाजी माणसं आहेत. वाइन हा शब्द काढायचा नाही. वायनरी नाही, टाकी नाही, बाटली नाही. विचारलंच तर बाबांचा द्राक्षाच्या ज्यूसचा व्यवसाय आहे. ह्यांना ज्यूसवाला म्हणवून घेणं फार लागलं. चाळीस वर्षांची तपश्चर्या आणि शेवटी रसवंतीगृह, असं पुटपुटत हे उठून गेले. भेट म्हणून आम्ही बेदाणे आणि पोह्यांचा चिवडा घेतला.

डोंगरात

दुबईची वाळू मागे पडली आणि डोंगर सुरू झाले. आपल्या सह्याद्रीवर निदान गवताची चादर असते, इथे निव्वळ खडक, तपकिरी आणि खरबरीत. त्यात मधूनच एखादी घळ हिरवीगार. खजुराची झाडं, लिंबं, आंबेसुद्धा. पाणी डोंगरातून दगडी पाटानं येतं आणि पाळीपाळीनं एकेका झाडाला दिलं जातं, आपल्याकडे बारी असते तशीच. ह्यांनी पाटात हात घालून बघितला आणि पहिल्यांदाच देशाला पास केलं.

मरियमचे वडील सालेम दारातच उभे होते, पांढराशुभ्र पायघोळ झगा आणि चेहरा एकदम गोड. हिंदी छान बोलत होते. आत त्यांची आई बसली होती. आजीला तिथं यद्दा म्हणतात, म्हणून आम्हीही यद्दाच म्हणायला लागलो. बारीक, काटक बाई, चेहऱ्यावर सोनेरी कडक मुखपट्टी, तिच्यातून दोन डोळे असे रोखून बघणारे की मी नकळत पदर सारखा केला. हिंदी तिलाही येत होती, पण मोजून मापून.

नाश्ता आला. शेवयांची गोड खीर कोरडी केल्यासारखी, वेलची आणि केशर घातलेली, आणि वर अख्खं ऑम्लेट पांघरलेलं. बलालीत म्हणतात त्याला. मी ऑम्लेट अलगद बाजूला सारलं तर यद्दानं माझ्या ताटात दुसरं टाकलं. खाल्लं, करते काय? आणि सांगायला लाज वाटते, पण आवडलं. परत आल्यावर एकदा घरीही केलं, निखिलनं ताट बघून सरळ बाहेर जेवायची वाट धरली.

मग वेल बघायला गेलो. दगडी बांधाला लागून माझ्या कमरेएवढं खोड, आणि कमर काही लहान नाही माझी. खजुराच्या खांबांवर मांडव, मांडवावर काड्यांचं असं जंगल माजलेलं की आत ऊन शिरायला जागा नव्हती. भोवती उंच, चकचकीत तारेचं कुंपण. तीन वर्षांपूर्वी सालेमनीच आईच्या वेलीसाठी हौसेनं घातलेलं.

ह्यांनी एकदा वर बघितलं, एकदा खाली बघितलं आणि निदान केलं. छाटणी नाही. वेल नुसती पसरलीय, सगळं बळ लाकडात चाललंय. आज संध्याकाळपर्यंत कापून मोकळी करतो, उन्हाळ्यात घड धरतील. असं म्हणत हात खिशातल्या कात्रीकडे गेलाच.

यद्दा मागे उभी होती. ती म्हणाली, "लोहा नहीं."

तिच्या सासूनं सांगितलं होतं, तिच्या सासूला तिच्या सासूनं. ह्या वेलीला लोखंड लावायचं नाही. एकदा कुणा पाहुण्यानं कुऱ्हाडीनं फांदी तोडली होती, ती अख्खी बाजू वाळून गेली. तेव्हापासून विळा नाही, सुरी नाही, काही नाही. घडसुद्धा हातानं खुडायचे.

मरियमनं मग आम्हाला आतल्या खोलीत नेऊन रांजण दाखवला. ह्या द्राक्षांचं ते लोक व्हिनेगर करतात. दरवर्षीचा नवा रस जुन्यात घालायचा, म्हणजे तो रांजण चालू राहतो, आपलं विरजण असतं तसं. यद्दा लग्न होऊन आली तेव्हा तिला तो भरलेला मिळाला होता. आता तळाशी जेमतेम चार बोटं उरलं होतं. तीन वर्षं रस नाही, रोज थोडं आटतंय. शिवाय पाटाचं पाणीही उतरलंय. सालेमनी चाचरत सांगितलं की ह्या उन्हाळ्यातही घड आले नाहीत तर वेलीच्या पाण्याची बारी आंब्यांना द्यायचं घरात ठरलंय. यद्दा ते ऐकत होती. ती रांजणावरचं फडकं पुन्हा बांधायला गेली आणि ते हातातच धरून तळाकडे बघत राहिली. मला फार वाईट वाटलं. आमचा भोकरीचा अर्धा एकर उपटायची गोष्ट निघाली होती तेव्हा माझे सासरे असेच बांधावर जाऊन वेलींकडे बघत बसायचे.

आणि नेमक्या त्याच वेळी अन्वीनं रांजणात नाक घातलं आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "स्मेल्स लाइक आजोबाज वाइन!"

मृणालचा चेहरा पांढरा पडला. केदाररावांना एकाएकी भिंत फार बघण्यासारखी वाटायला लागली. मी म्हटलं, संपलं, आता चिवडा घेऊन परत जायचं. सालेमनी आईला अरबीत सांगितलं. यद्दानं ह्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग मुखपट्टीआडून खुदखुद आवाज यायला लागला. तिनं काहीतरी म्हटलं आणि मरियमनं हसत हसत ते आम्हाला सांगितलं: "ती म्हणतेय, तुमचं सगळं बरोबर आहे, फक्त तुम्हाला घाई फार. आणखी थोडा धीर धरला असता तर व्हिनेगर झालं असतं."

चाळीस वर्षांत ह्यांना असं कुणी ऐकवलं नव्हतं. ज्यूसवाल्यापेक्षा हे बरं, असं म्हणून ह्यांनी मान डोलावली. मृणालचा जीव भांड्यात पडला.

दुपारची वामकुक्षी

जेवणं झाली आणि सगळं घर आडवं झालं. मला मात्र डुलकी लागेना, कारण शेजारची उशी रिकामी होती. मी ओळखलं. तशीच अनवाणी बाहेर गेले तर हे कुंपणाच्या आत, हातात कात्री, मांडवाखाली उभे. एक काडी वाकवून तिचे डोळे मोजत होते. डोळा म्हणजे काडीवरची ती गाठ जिथून फूट येते, आणि ते मोजून मगच कात्री चालते हे मला चाळीस वर्षांत पाठ झालंय.

"कळणार नाही कुणाला," हे कुजबुजले. "मागच्या बाजूच्या दोनच."

मी कात्री हातातून काढून घेतली आणि पर्समध्ये टाकली. परक्याच्या घरी, म्हातारीनं नाही म्हटलेलं असताना, चोरून? मला खरंच राग आला होता. हे लहान मुलासारखे तोंड फुगवून पाटाकाठी जाऊन बसले.

माझी झोप तर उडालीच होती, म्हणून मी स्वैपाकघराकडे गेले. यद्दाही जागीच होती, संध्याकाळची भाकरी करत होती. रगाग म्हणतात. तापलेल्या मोठ्या तव्यावर पिठाचा गोळा हातानं फिरवायचा, कागदासारखा पातळ थर मागे राहतो, तो सोडवून घ्यायचा. आपल्या खापरावरच्या मांड्यांची चुलत बहीण. मी म्हटलं, मी करून बघते. पहिल्या खेपेला तव्यावर नकाशा उठला. यद्दानं तो उचलून बाहेर बांधलेल्या शेळ्यांकडे फेकला, आणि शेळ्यांचा विषय निघाला.

ह्या चोरट्या जातीनं तिला आयुष्यभर छळलं होतं. दरवर्षी थंडीत डोंगरावर चरायला काही उरलं नाही की शेळ्या वरच्या बांधावरून वेलीवर उतरायच्या आणि पाला, काड्या, सगळं ओरबाडून खायच्या. खोडाला नुसते खुंट राहायचे. तिची सासू शिव्या द्यायची, ही दगड मारायची. सालेमनी कुंपण घातलं तेव्हा कुठे सुटका झाली. आता वेल कशी छान भरलीय, पण बघ, रुसलीय.

माझ्या हातातला गोळा हातातच राहिला. माझं माहेर सिन्नरकडचं, दारात शेळ्या. शेळीच्या तोंडून गेलेली बोर पुढच्या साली कशी लगडते हे मी लहानपणापासून बघितलेलं. मी तशीच पिठाच्या हातांनी पाटाकडे पळाले आणि ह्यांना म्हटलं, "अहो, छाटणी होत होती. शेळ्या करत होत्या!"

हे काही केल्या मानेनात. खरड छाटणी म्हणजे शास्त्र आहे, कुठल्या काडीवर किती डोळे ठेवायचे ह्याला अक्कल लागते, जनावर काय करणार, असं बरंच व्याख्यान झालं. मी पूर्ण ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, शेळ्या होत्या तोवर घड येत होते, कुंपण आलं आणि घड गेले, हे कुठल्या शास्त्रात बसवायचं ते सांगा. ह्यांनी एक काटकी उचलून पाटात सोडली. शेवटी म्हणाले, "दात लोखंडाचे नसतात."

रविवार

सालेमना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. आईच्या प्रेमापोटी घातलेल्या कुंपणानंच आईची वेल वांझ केली हे त्या माणसाला कसं सांगणार? त्यांचा चेहरा उतरला तो मला बघवेना. यद्दाला मात्र वेगळंच दुःख झालं. एवढी वर्षं मी त्या शेळ्यांना दगड मारत होते, असं ती दोनदा म्हणाली.

ह्यांनी खोटी आशा दाखवली नाही, हे मी त्यांचं कौतुक म्हणून सांगते. शेळ्या आत सोडून बघू, पण घड येतीलच अशी खात्री देत नाही, म्हातारं खोड आहे, एखाद्या वेळी सहनही होणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. सगळे यद्दाकडे बघायला लागले. ती उठली, काठी टेकत कुंपणापर्यंत गेली आणि दाराची कडी स्वतः काढली. यल्ला, म्हणाली, म्हणजे चला.

सालेमनी शेळ्या सोडल्या. आणि त्या आतच जाईनात. इतकी वर्षं दगड खाल्लेल्या, दारातून सुखासुखी बोलावल्यावर त्यांना ह्यात काहीतरी डाव दिसला असणार. मी घरातून चिवडा आणला. फाटक्या कानाची एक तांबडी शेळी होती, तिनं शेंगदाणे वेचून खाल्ले, पोहे सोडून दिले, वर बघितलं आणि मागच्या पायांवर उभी राहून पहिली काडी ओढली. मग बाकीच्यांना सांगावं लागलं नाही.

त्यानंतरचा तासभर मी जन्मात विसरणार नाही. मांडवावरच्या काड्यांपर्यंत शेळ्यांची तोंडं पोचेनात, म्हणून हे खाली ओढून त्यांच्या तोंडासमोर धरत होते आणि वर सूचना देत होते. "इथपर्यंत. बास. दोन डोळे ठेव. अगं, दोन म्हटलं ना, एक तरी ठेव!" तांबडीला सूचना आवडत नव्हत्या. तिनं काडीबरोबर ह्यांच्या शर्टाची बाहीही चावली. अन्वी व्हिडिओ काढत होती आणि सालेम, ज्यांचं तोंड सकाळपासून एवढंसं झालं होतं, ते डोळे पुसून पुसून हसत होते. राहिलेल्या काड्या ह्यांनी हातानं मोडल्या. पर्समधली कात्री ह्यांनी मागितली नाही, हे नमूद करते.

संध्याकाळी मांडव उघडाबोडका झाला. आमच्याकडे छाटणीनंतर बाग अशीच दिसते, मला सवय आहे. पण यद्दा त्या खुंटांसमोर उभी राहिली तेव्हा मला तिच्या शेजारी जायचं धैर्य होईना. ही वेल जर वाळली तर आपण ह्या बाईला काय तोंड दाखवणार?

परतायच्या आदल्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. यद्दा दारातच भेटली आणि माझा हात धरून ओढत घेऊन गेली. प्रत्येक तुटक्या टोकातून पाणी ठिबकत होतं, टप टप. ती घाबरली होती, वेल रडते म्हणाली. हे मात्र आनंदानं वेडे झाले. मुळं जागी झाली, पाणी वर चढवतायत, मेलेल्या वेलीतून थेंब येत नाही, हे ह्यांनी मराठी, हिंदी आणि हातवारे ह्या तिन्ही भाषांत सांगितलं. यद्दानं एका टोकाखाली तळहात धरला, थेंब साठू दिले आणि तो ओला हात माझ्या गालाला लावला. मला रडू आलं. का लपवू?

परत आल्यावर

घरी आलो तर निखिलची तोडणी आमच्याशिवाय अगदी सुरळीत चालली होती, त्यामुळे हे दोन दिवस नाराज होते. पण त्या वर्षी टाक्यांपाशी फारसे फिरकले नाहीत. रोज मृणालला फोन. फूट आली का? पानं केवढी झाली? फुलोरा? मृणाल मरियमला विचारायची, मरियम सालेमना, आणि उत्तर उलटं फिरून यायचं. मार्चमध्ये फुलोऱ्याचा फोटो आला तेव्हा ह्यांनी तो निखिलच्या कामगारांना एकेकाला धरून दाखवला.

जूनमध्ये एका सकाळी व्हिडिओ कॉल आला. मांडवाखाली सगळं घर जमलं होतं. घड फार नव्हते, लहान लहान काळे मणी, पण होते. रांजण धुवून नाही, तसाच, बाहेर आणून ठेवला होता आणि मरियम त्याच्याजवळ परात घेऊन बसली होती. यद्दानं एक घड हातानं खुडला. तीन उन्हाळ्यांनंतरचा पहिला. तो तिनं कॅमेऱ्यासमोर धरला आणि ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे म्हणाले, तोंडात टाकून सांगा, गोडी कशी उतरलीय.

यद्दानं टाकला नाही. ती घड घेऊन चालायला लागली, फोन तिच्यामागे हलत हलत गेला, आणि थांबला तेव्हा पडद्यावर तो फाटका कान होता. तांबडीनं अख्खा घड देठासकट घेतला आणि डोळे मिटून चावायला लागली. मरियम मागून हसत माफी मागत होती, अंकल, रागावू नका, आजीचा हट्ट, तुमच्यासाठी दुसरा ठेवलाय.

मी ह्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं आता फुगणार. हे त्या शेळीकडे टक लावून बघत होते.

"रागवायचं काय त्यात?" हे म्हणाले. "पहिल्या घडाचा मान छाटणी करणाराचाच असतो."